डावीकडचा दिवा

—नाही नाही, तिथे नको! आरशाच्या वर नकोच म्हणतोय मी. अहो वायरमन, दिवा डोक्यावर आला की डोळ्यांखाली काळं, नाकाची सावली ओठावर, आणि हनुवटीखाली तर नुसता अंधार — आणि दाढी कुठे करायची असते? तिथेच! आरशाच्या दोन बाजूंना दोन घ्या, डोळ्यांच्या उंचीला. माझ्या डोळ्यांच्या हं, तुमच्या नाही, तुम्ही ताडमाड आहात. इथे खूण करा. पेन्सिल नाही? कसले वायरमन हो तुम्ही! घ्या, माझी घ्या. म्हणाल, म्हातारा फार अक्कल शिकवतोय. शिकवणारच. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलाय मी. पासपोर्टच्या फोटोत नाकाशेजारी एवढीशी सावली आली तरी अर्ज परत यायचा आणि गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून यायचं. चेहऱ्यावर उजेड कसा टाकायचा हे मला नका सांगू.

फक्त हात चालवा जरा. बाराच्या आत झालं पाहिजे, बाराला मुलगी यायचीय. काल आली होती, दारातच उभी राहिली माझ्याकडे बघत. म्हणाली, बाबा, डावा गाल तसाच राहिलाय. म्हटलं, राहिला असेल. तर म्हणे, परवाही तसाच होता. मग हनुवटीवरचं कापलेलं दिसलं तिला — झालं! एकटं राहणं आता बास, माझ्याकडे चला, या घराला कुलूप. म्हटलं, अगं बाई, दोष माझा नाही, या मेल्या दिव्याचा आहे! ऐकते थोडीच? लहानपणापासून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतेय. शेवटी ठरलं — उद्या बाराला येते, दोन्ही गाल स्वच्छ दिसले तर विषय बंद. नाही दिसले तर बॅग भरायची. आणि शब्दाची पक्की आहे हो, तिथे माझ्यावर गेलीय.

मेन बंद केलाय ना? बघा बाबा, ओली जागा आहे. — बल्ब कुठला आणलात, दाखवा. पिवळा नकोच. पिवळ्यात पांढरी दाढी दिसतच नाही, आपण आपले हात फिरवून खूश. आणि अगदी पांढराफटक आणलात तर माणूस तिरडीवरून उठल्यासारखा दिसतो. मधला आहे ना? हां, हा चालेल. वर दुधी काच हवी, नाहीतर डोळ्यांत घुसतो. आहे? बरं. तुम्ही बोलत नाही फार, पण काम येतं तुम्हाला.

आणि हे झालं की बाहेरच्या पॅसेजमध्येही एक लावून द्या. तिथेही अंधारच आहे. दाराची चौकट लागते सारखी — हा बघा खांदा, निळा झालाय. नाही, हा डावाच. उजवीकडून तसा उजेड येतो खिडकीतून. परवा चहाचा कप तसाच गार झाला. मी स्वयंपाकघरात शोधतोय, आणि कप माझ्या शेजारी टेबलावर, डाव्या हाताला. हसताय काय? वय झालं की होतं असं. — नाही हो, डॉक्टर कशाला? मागच्या महिन्यात एकदा चक्कर आली तेवढीच. इथेच, या स्टुलावर बसलो, दहा-पंधरा मिनिटं. जीभ जरा जड वाटत होती, मग गेलं सगळं. मुलीला नाही सांगितलं. तुम्ही पण सांगू नका, मी आपलं बोलण्याच्या ओघात बोललो. स्क्रू नीट आवळा तो.

झालं? किती वाजले? पावणेबारा! थांबा, मी फेस लावून घेतो तोवर, वेळ नको जायला. हं. लावा मेन. — वा! वा, काय उजेड पडलाय! एक एक खुंट मोजावा. काल हा असता तर तिची बोलायची टाप होती का? आता डावा लावा. — डावा हो, डावा. — अहो, लावा ना, वेळ कुठेय? — काय? लागलाय? चेष्टा करू नका हं, माझ्या जिवावर बेतलंय इथे. समोर आरशात बघतोय मी, उजवा दिसतोय ढळढळीत, डावीकडे काही नाही. वायर सुटली असेल, परत बघा. — मान वळवू? मान कशाला वळवू? बरं, ही घ्या वळवली —

हो. आहे. लागलाय.

थांबा, परत सरळ बघतो. — गेला. — वळवली की आहे. — सरळ, नाही. — धरू नका मला, चक्कर नाही आली. तुम्ही असं करा, माझ्या डाव्या बाजूला उभे राहा. राहिलात? बोला काहीतरी. — आवाज येतोय तुमचा. नुसता आवाज येतोय हो. अरे देवा! चाळीस वर्षं एकच ठाऊक — अर्धा चेहरा काळा आला की त्या बाजूचा दिवा गेलाय. दिवा बदला. दुसरं काही असेल असं डोक्यातच आलं नाही माझ्या. भीती वाटतेय मला.

ऐका ना. तुम्ही स्वतःची करताच ना रोज? डावा गाल तेवढा करून द्या. दोन मिनिटांचं काम, फेस लावलेलाच आहे, हे घ्या रेझर. तिला काय कळणार कोणी केली? एवढ्या एका वेळेपुरतं. — असे काय बघताय? घ्या म्हणतो ना! — बरं. नका घेऊ.

बेल वाजली. आली ती, दहा मिनिटं आधीच आली.

जा, उघडा तुम्ही. आणि एक शब्द बोलू नका तिच्याशी, चक्करचं नाही, कशाचंच नाही — मी सांगेन. मी सांगेन म्हटलं ना! तिला इकडेच पाठवा, असाच फेसासकट बसतो मी. आणि त्या बटणाला हात लावू नका. दोन्ही चालू राहू द्यात, बघू दे तिला नीट. निघा आता.