ड्रॅगनचा पडलेला दात

...आता मला नीट आठवतंय की नाही, देव जाणे, पण तुम्हाला सांगतो, दात डावाच पडला होता! कार्टूनच्या सिनेमात मध्यंतराआधी तो ड्रॅगन राजकन्येला सोडवायला किल्ल्याचा लोखंडी दरवाजा चावतो, टण्‌कन डावा सुळा पडतो, सगळं थिएटर हसतं... आणि मध्यंतरानंतर? शिंप्याकडे कोटाचं माप देताना हसतो, तर डावा सुळा जागेवर आणि उजवा गायब! अहो, जन्मभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस मी, गप्प बसेन? ओरडलो, "दात बदलला!"

"बाबा, हळू! लोक बघतायत," मुलगा.

पण माझा काय भरवसा! त्याच सिनेमात मागे कासवाचं कुरिअरचं दुकान होतं, पाटी 'आजच पोचवतो', चेटकिणीच्या झाडूला नंबरप्लेट होती... हे घरच्या कुणालाच दिसलं नव्हतं, मग मला तरी खरंच दिसलं का?

बाहेर आल्यावर सूनबाई अगदी मऊ आवाजात... मऊ आवाज आला की समजावं, काहीतरी कठीण येतंय... "बाबा, परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला ना? विसरण्यावरचे एक चांगले डॉक्टर आहेत. सोमवारी नुसतं दाखवून येऊ."

नुसतं दाखवायचं म्हणे! आणि त्यांनी सांगितलं, डोकं चालत नाही, तर? डोक्याशिवाय माझ्याकडे आहे काय हो?

तेवढ्यात सात वर्षांची नात म्हणते कशी, "आजोबांचं बरोबरच आहे! ड्रॅगन आरशात दिसत होता. आरशात डावं ते उजवं होतं, शाळेत शिकवलंय आम्हाला."

झालं! मुलगा म्हणाला, "अरे हो, आरसाच होता की! चांगला पुरुषभर उंच." सूनबाई म्हणाली, "सोनेरी चौकटीचा!" सोमवार रद्द. मला आरसा दिसला नव्हता, पण माझा काय भरवसा! दोन दिवसांत मलाही ती चौकट आठवायला लागली.

पुढे नात कॉलेजात गेली. एकदा दुपारी घरात एकटाच होतो, टीव्हीवर तोच सिनेमा! शिंप्याचं दुकान आलं, डोळे फाडून बघितलं, मागे नेऊन पुन्हा बघितलं. टेप आहे, कात्री आहे, खिडकीतून कासवाची पाटी दिसते... आरसा? नाव नाही! सिनेमावाल्यांनीच दात बदलला होता!

नातीला फोन लावला. खुदकन हसली. "नव्हताच, आजोबा. तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, मग टांगला मी एक."

आता म्हणाल, घरी सांगून टाकायचं ना! वेडे आहात का? अहो, आरसा नव्हता म्हटलं की आलाच पुन्हा सोमवार! तेव्हा हल्ली विषय निघाला की आधी मीच म्हणतो, "काय सुरेख आरसा होता हो तो!"