कमलाबाईच्या तोंडून कोण बोललं

— नाही, बसा हो पाळकसाहेब, घाई काय आहे? तुम्ही रविवारी उपदेशात म्हणालात ना — ख्रिस्ताबाहेरचे जेवढे धर्म, ते देवाकडून आलेले नाहीत, माणसानं रचलेले, नाहीतर सैतानाचे — तेच मला विचारायचंय. तुम्ही इथं नवीन, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ह्या भिंतीपलीकडं कमलाबाई राहते. मालवणकडची, नवरा गिरणीत. तिच्या अंगात देवी यायची. मंगळवारी ती घुमायला लागली की मी दार लोटून मोठ्यानं स्तोत्र म्हणायचे — नको तो वारा आपल्या घरात, म्हणून.

छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी सगळं परळ-लालबाग पेटलं होतं ना, तेव्हा एका सकाळी आमचे हे चपला घालत होते — नाक्यावर काय चाललंय बघून येतो म्हणाले. तेवढ्यात कमलाबाई आली. केस मोकळे, डोळे फिरलेले — आणि दारातच बसली, दोन्ही हात चौकटीला लावून. "ह्या घरातलो पुरुस आज भायर पडाचो नाय!" तो आवाज तिचा नव्हता हो. तिचा आवाज मी ओळखत नाही? रोज नळावर ऐकते. हे हसले, "वहिनी, सरका" म्हणाले — पण बाईमाणसाला ओलांडून जाणार कसे? राहिले घरात. आणि तिच्याच पाठीमागून तिचा रामदास — एकुलता एक, नुकता गिरणीत लागलेला — "आये, येतंय गे" म्हणत जिना उतरला. तिनं मान वळवली नाही.

नाक्यावर गोळीबार झाला. रामदासला फळीवर घालून आणला. आमचे हे नेहमी उभे राहतात, त्या पानवाल्यापाशीच पडला होता म्हणे.

आता सांगा — कोण बोललं? सैतान? सैतानाला माझ्या नवऱ्याची काय पडलीये? बरं, देव म्हणावं, तर तो माझ्या तोंडून का नाही बोलला? मी काय कमी प्रार्थना करते? कमलाबाई रोज येते, तुम्ही बसलात तिथंच बसते नि विचारते — "बाय, तुझ्या देवान माझ्या तोंडान तुझो घोव राखल्यान, मगे माझो झील कित्याक नाय राखल्यान?" काय सांगू तिला? तुमचा उपदेश सांगू?

त्या दिवसानंतर देवी तिच्याकडं फिरकली नाही. देव्हाऱ्यातला टाक — चांदीचा, एवढासा, देवीचं तोंड कोरलेला — तिनं फडक्यात बांधून मला दिला. "तुझ्या दाराक इली ती, तूच ठेव." — कुठाय म्हणजे? आहे. त्या कपाटात, बायबलच्या मागं. — पूजा नाही हो करत! देवाशप्पथ. नुसती पुसते — चांदी काळी पडते ना. पण पुसताना अलीकडं हात कापायला लागतात, जिभेवर काहीतरी येतं… मी पदर कोंबते तोंडात. बोलले आणि कुणाचं दार अडवून बसले — तर माझ्या पाठीमागून कोण जाईल हो?

उठलात? प्रार्थना? करा ना. पण शेवटी ‘ख्रिस्ताच्या नावानं’ म्हणता, तसं नाव नका घेऊ. त्याचंही नको, तिचंही नको. जो कोण बोलला असेल, त्याला नुसतं सांगा — हिच्या तोंडून बोलू नकोस. — नाही? नावाशिवाय नाही होत?

मग राहू द्या. जा तुम्ही. — जा म्हणते ना, लवकर जा — पदर कुठाय माझा —