पाहुण्याची हजामत

सून : अहो, हे काय करून बसलात?

मुलगा : आधी दुकानाचं दार लाव. वाऱ्याने केस उडतात.

सून : खुर्चीवर कोण आहे ते?

मुलगा : कोण म्हणजे? पाहुणा. आपला कुत्रा.

सून : आपला कुत्रा तपकिरी होता. झुबकेदार होता. हा तर सोललेला बटाटा आहे!

मुलगा : झिरो मशीन मारलं. पाठ, पोट, मान, सगळं साफ. शेपटीच्या टोकाला तेवढा गोंडा ठेवलाय, आईच्या आग्रहाखातर.

आई : अगदीच नागवा दिसत होता गं. थोडी तरी लाज राहायला नको?

सून : आई, तुम्हीसुद्धा?

आई : मी नुसते कान धरले. कापणारा हा.

सून : पण कशासाठी?

मुलगा : कशासाठी म्हणजे? हा घरात आल्यापासून शिंकून शिंकून माझ्या नाकाचा टोमॅटो झालाय. ॲलर्जी केसांची ना? मग केसच काढून टाकले. इतकी वर्षं गावाचे केस कापतोय आणि केसांचा प्रश्न सोडवायला डॉक्टरकडे जाऊ? लोक हसतील.

सून : मी आत्ता डॉक्टरबाईंकडूनच येतेय. त्या म्हणाल्या, ॲलर्जी केसांची नसतेच. कातडीचा बारीक कोंडा उडतो, त्याची असते. आणि लाळेची.

मुलगा : कोंड्याची?

सून : कोंड्याची.

मुलगा : कोंड्यावर शाम्पू आहे आपल्याकडे.

सून : ऐका तरी. केस असले की निदान थोडा कोंडा तिथल्या तिथे अडकतो. केस काढले की मोकळं रान.

मुलगा : म्हणजे आज दुपारभर मी...

सून : त्यातच नाक खुपसून बसला होतात.

आई : आणि वर तो उपकार मानून तुझं थोबाड चाटतोय. पुसून घे ते. लाळ म्हणाली ना ती.

मुलगा : ए, हट्! आऽऽक्छी! आऽऽक्छी!

सून : अशी शिंक आली तर उद्या दुकान कसं उघडणार? वस्तरा हातात घेऊन शिंकणाऱ्या माणसापुढे कोण मान वर करेल?

मुलगा : परवाचं काढू नकोस.

आई : परवा काय झालं? मला कोणी काही सांगतच नाही.

सून : पोस्टमास्तरांची अर्धी मिशी गेली शिंकेत.

मुलगा : दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून उरलेली अर्धी मीच काढून दिली.

सून : बायकोने ओळखलं नाही म्हणे त्यांना. दार उघडलं नाही.

आई : मिशी हे नुसतं निमित्त. बाई कधीपासून संधीच शोधत असणार.

मुलगा : हसू नकोस आई. मिशी पुन्हा वाढते. वस्तरा चार बोटं खाली असता तर? गळा वाढत नाही.

सून : म्हणून आईंनी जिथून कुत्रा आणला त्या लोकांना मी फोन केला. परत घेतो म्हणाले. फक्त आत्ताचा फोटो पाठवा म्हणाले.

मुलगा : पाठव मग.

सून : हा? हा पाठवू? हा कुठला प्राणी, असं विचारतील. आणि तुमच्यावर केस करतील, ती वेगळीच.

आई : झालं तुमचं दोघांचं? आता मला विचारणार आहात का?

मुलगा : आई, तुझ्यासाठीच तर सगळं...

आई : माझ्यासाठी काय केलंस? मी आणला तो. चार दिवसांचा पाहुणा आहे, असं खोटं सांगून आणला. खरं सांगितलं असतं तर तू आधी शिंकला असतास आणि मग नाही म्हणाला असतास.

सून : पण आई, आम्ही आहोत ना घरात. तुम्हाला काय एकटं वाटू देतो का?

आई : तुम्ही बोलता माझ्याशी, हो. जेवलात का. गोळी घेतली का. झोप लागली का. मी माणूस आहे की दवाखान्यातला वॉर्ड? हा बिचारा काही विचारत नाही. मीच त्याला विचारते.

मुलगा : बाबा गेल्यापासून तू जिना उतरत नव्हतीस, ते मला दिसत नव्हतं का?

आई : आता उतरते ना? चार पायांचा असून जिन्यात धडपडतो तो. कोणीतरी पुढे व्हायला लागतं.

सून : डॉक्टरबाईंनी एक सांगितलंय. गोळ्या घ्यायच्या, कुत्रा आईंच्याच खोलीत, आपल्या खोलीत नाही, दुकानात तर मुळीच नाही. जमतंय का बघा म्हणाल्या. पण छातीत घरघर झाली तर मग वाद नाही. कुत्रा जाणार.

आई : तेव्हा मीच नेऊन सोडीन. पोरगा तू आहेस. तो पाहुणा.

मुलगा : आणि गोळ्या लागू पडेपर्यंत? सकाळी येतात ते निम्मे दाढीवाले. कात्री चालवीन मी, पण वस्तरा धरायचा नाही मला.

आई : दाढ्या मी करीन.

मुलगा : तू?

आई : का? शेवटी शेवटी तुझ्या बाबांची कोण करत होतं?

मुलगा : बाबा स्वतः करायचे. शेवटपर्यंत गाल गुळगुळीत होता त्यांचा.

आई : चहाचा कप धरवत नव्हता त्यांना, वस्तरा कसला धरतात! तुम्ही उठायच्या आत मी करायचे. पोराला सांगायचं नाही, असा हट्ट. एवढं दुकान थाटलेला माणूस आणि त्याची दाढी बायको करते म्हणजे काय!

सून : आणि कधी लागलं नाही त्यांना?

आई : एकदा लागलं. पण तेव्हा आमचं भांडण चालू होतं.

(मुलगा कुत्र्याला खाली उतरवतो, खुर्ची दोनदा पुसतो आणि स्वतः बसतो.)

मुलगा : कर.

सून : अहो, मध्येच शिंक आली तर?

मुलगा : हात वर करीन.

आई : तू पाहुण्याला घेऊन वर जा गं. जाताना त्याच्या अंगावर काहीतरी टाक, कुडकुडतोय. आणि तू, मान वर. आणखी वर. गिळू नकोस सारखं, गळ्याची घाटी हलते.

मुलगा : आई, तू दाढी करायचीस तेव्हा बाबा काय बोलायचे?

आई : काही नाही. डोळे मिटून घ्यायचे. तूही मीट.