घोडी गाभण नसल्याबाबत

जबाब देणार: घोडागाडीवाल्याची बायको. वय बत्तीस. धंदा: घरकाम (लीद काढणे, चारापाणी आणि खरारा घरकामातच धरला आहे). राहणार: तबेल्यामागची खोली.

विचारल्यावरून मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ते असे की, वरील पत्त्यावर मी नवरा, सासूबाई आणि घोडी यांच्यासह राहते. लग्नाला दहा वर्षे झाली. मूलबाळ नाही. घोडीला सासूबाई लाडाने 'बाईसाहेब' म्हणतात. मला काय म्हणतात ते मी सांगितले, पण हवालदारसाहेब म्हणाले, ते सरकारी कागदावर शोभत नाही.

उन्हाळा संपता संपता आमच्या घोडीला मागच्या गल्लीतल्या घोडेवाल्याचा घोडा दाखवला. त्याच दिवशी ती गाभण असल्याचे घरात ठरून गेले. तिला गाडीला जुंपणे बंद झाले. तबेल्यात कोणी आवाज चढवायचा नाही, धास्तीने गर्भ टिकत नाही, अशी ताकीद सासूबाईंनी दिली. ती त्यांनी मला तबेल्यातच ओरडून दिली.

पुढे पोट काही दिसेना. तेव्हा सासूबाईंनी घरगुती परीक्षा घेतली. घोडीला गार पाणी पाजायचे आणि कुशीकडे बघत बसायचे. आत शिंगरू असले तर हलते म्हणे. सासूबाईंना हालचाल दिसली. नवऱ्याला तर लाथ दिसली. मला माशी दिसली आणि मी तसे बोलले. "हिच्या तोंडून कधी चांगलं निघायचं नाही," असे सासूबाई म्हणाल्या. मग घोडीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी, मला येत्या सोमवारी कायमची माहेरी पोचवायची आणि नवऱ्याचे दुसरे लग्न लावायचे, असे जाहीर केले. नवरा घोडीच्या कुशीकडे बघत होता.

काल सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी घोडी तपासली आणि ती गाभण नसल्याचे सांगितले. नवऱ्याने चाचरत विचारले, "हिच्यात काही खोट?" डॉक्टर म्हणाले, "घोडी ठणठणीत आहे. घोडा तपासून घ्या. बऱ्याचदा खोट त्याच्यात असते."

हे घरात सगळ्यांना तत्काळ पटले. सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. बिचारीला उगाच का बोल लावायचा?" माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, काढे झाले. माझ्यात काही निघाले नाही. नवऱ्याची तपासणी झालेली नाही. तो विषय मी एकदाच काढला होता. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. मी जेवले.

नवऱ्याने घोडेवाल्याला बोलावून आणले. घोडेवाला आल्या आल्या भडकला. "माझ्या घोड्यावर आळ घेता? जातिवंत जनावर आहे ते!" त्यावर नवरा म्हणाला, "मग तपासायला लाज कसली? जगात काय तुझाच घोडा नर आहे? डॉक्टर आहेत तोवर गुमान घेऊन ये."

मी डॉक्टरांसाठी साबण आणि टॉवेल घेऊन उभी होते. मी म्हणाले, "बरोबर आहे. तपासायला लाज कसली? घोड्याचं उरकलं की आपणही जाऊन येऊ." यापेक्षा एक शब्द जास्त बोलले नाही. घोडेवाला हसला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिले आणि हातातली बादली घोडेवाल्याच्या डोक्यात घातली. घोडेवाल्याच्या कपाळाला खोक पडली. सासूबाई "अगं बाई, लागलं का गं?" असे ओरडत घोडीकडे धावल्या.

या मारामारीचे मूळ मी आहे, असे नवऱ्याने त्याच्या जबाबात लिहून दिल्याचे समजले. ते मला मान्य आहे. हवालदारसाहेबांनी आधी "किरकोळ घरगुती बोलाचालीवरून" एवढेच लिहिले होते. मी म्हटले, मूळ मी असेन तर मुळापासून लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. म्हणून माझे वाक्य वर जसेच्या तसे घेतले आहे. नवऱ्याची तपासणी होईपर्यंत मी सोमवारीच काय, कुठल्याही वारी माहेरी जाणार नाही, हेही माझ्या सांगण्यावरून लिहिले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. बाहेर बाकावर नवरा, सासूबाई, डोक्याला पट्टी बांधलेला घोडेवाला आणि इतर कामाला आलेली बरीच माणसे बसली असल्याने मी दार उघडे ठेवायला आणि जरा मोठ्याने वाचायला सांगितले. तसे वाचले. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. वाचन चालू असता बाहेरून नवऱ्याने "साहेब, हळू वाचा ना," अशी विनंती केली. हवालदारसाहेबांनी ती मान्य केली आणि प्रत्येक शब्द सावकाश, सुटा सुटा वाचला.