थिनरचा वास

आमचं मूळ घाटावरचं, पण ते नावापुरतं. पणजोबा महाराजांच्या फौजेत होते, म्हणून आलो बडोद्याला. फौज गेली, मिशा राहिल्या, असं आई म्हणायची. लग्न झालं आणि मी खंडेराव मार्केटात भाजी घेऊन बसायला लागले, दुपारी टोपली घेऊन कारेलीबागेत फिरायची. ह्यांचं काम वाघोडियाला, तेव्हा तिकडे नवेनवे कारखाने येत होते ना, तिथे ठेकेदाराकडून मशिनांना रंग मारायचे. रंगाचं काम म्हणजे थिनर आलंच, कपड्यांना, केसांना, आंघोळ करूनही जायचा नाही तो वास. उशा धुऊन धुऊन मी चिडायची.

काय सांगू तुम्हाला, उन्हाळ्यात कारखान्यातली पाळी संपवून येताना हे कारेलीबागेत भर रस्त्यात ऊन लागून पडले. पडले ते पडलेच. आता आपल्याकडे दारूबंदी, मळक्या कपड्यातला माणूस आडवा दिसला की लोक म्हणतात पीधेलो छे, प्यायलेला आहे, आणि लांबून जातात, पोलिसांचं लचांड कोण मागे लावून घेणार. एकजण वाकला म्हणे, थिनरचा वास आला, झालं, दारूच ठरली. त्याच रस्त्यावर एक साहेब स्कूटरवरून घसरले होते तेव्हा मी डोळ्यांनी बघितलंय, लोकांनी खुर्ची आणली, पाणी आणलं, वर छत्री धरली. ह्यांना शेवटी एका भंगारवाल्याने लारीवर, त्याच्या हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. संध्याकाळी गेले.

तेरावं झालं आणि पुन्हा टोपली उचलली, पोट कुणाला चुकलंय. कारेलीबागेतल्या एक बेन, माझं रोजचं गिऱ्हाईक, मला बघून रडायलाच लागल्या. बाई चांगली हो, खोटं नाही बोलणार. म्हणाल्या, गॅलरीतून बघितलं होतं गं मी, पण मला काय माहीत तुझा नवरा आहे, माहीत असतं तर धावले असते. मी म्हटलं, बेन, माझा नसता तरी कुणाचा तरी होताच ना? मी भेंडी तोलून दिली आणि निघाले. राग आला होता, अजून येतो.

आता मुलगाही तिकडेच जातो, रंगाच्याच कामाला. त्याला मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून पाठवते, पायात बूट, खिशाला पेनसुद्धा. कामाचे कपडे पिशवीत, तिकडे बदलायचे, सुटताना साबणाने अंग धुऊन पुन्हा शर्ट. तो वैतागतो, म्हणतो, आई, मी काय ऑफिसात जातो का, सगळे हसतात मला. मी म्हणते, हसू दे बाळा. पडलास तर उचलतील.