गॅलरीखालचे टेके

मी धायरीचाच. बाप ज्या रानात ज्वारी काढायचा तिथं आता बारा मजले उभे हायत, आणि त्या बाराच्या बारा मजल्यांचं सेंटरिंग माझ्या हातचं, म्हंजी बापाच्या रानातलं पीक काय थांबलं नाय, फकस्त सिमेंटचं यायला लागलं. काय सांगू तुम्हाला, नारायण पेठेपासनं विश्रांतवाडीपर्यंत अशी गल्ली नाय जिथं माझा टेका लागला नाय. विश्रांतवाडीला एकदा स्लॅब भरताना टेका सटकला, तर मी पाठ लावून दोन तास स्लॅब तोलून धरला, वरनं माणसं म्हनली, मिस्त्री, च्या देऊ का, मी म्हनलं द्या, पर साखर कमी, आधीच भार लई झालाय. हसा, हसा. समदेच हसत्यात. तिथंच माझं वाटोळं झालं.

टेका म्हंजी तुम्हाला खांब वाटंल. पर खांब जन्मभर राहतो, आणि टेका जायच्याच बोलीवर येतो. प्लेटा मांडायच्या, त्यांच्या खाली लाकडी बल्ल्या न्हाईतर लोखंडी पाइप उभे करायचे, तेच टेके, वर सळई बांधून माल वतायचा आणि तो घट्ट होईस्तवर सगळा भार टेक्यांनी सोसायचा. लावतो कुणीबी हो, अक्कल लागती ती काढताना. खोलीचा स्लॅब दोन्हीकडनं बसल्याला असतो, त्याचे टेके मधनं काढत भिंतीकडं जायचं. गॅलरीचं उलटं. तिला एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला नुसती हवा, पुढं केलेल्या हातासारखी, म्हणून तिची सळई वरच्या अंगाला असती आणि तिचा पहिला टेका बाहेरच्या टोकाचा काढायचा, मंग घराकडं सरकायचं. भिंतीकडचे आधी काढले आणि टोकाचे तसेच ठेवले, तर गॅलरीचं पोट मधीच लोंबतं, पोटाला सळई नाय, ती खालनं तडकती. येवढं ज्याला कळलं तो मिस्त्री, बाकी समदे हमाल.

आता ऐका. मला एकच लेक, मनीषा. तिच्यासाठी घरावर मजला चढवला, पुढं ही गॅलरी काढली. जावई यवतमाळकडचे, कॉम्प्युटरवाले, गुणाचा माणूस, नाव ठेवायला जागा नाय. एकवीस दिवस पाणी मारलं, गॅलरी अशी पिकवली की हत्ती नाचवावा. आमच्या धंद्यात पहिला टेका पाडायचा मान घरच्याला देत्यात, नारळ फोडायचा, मानकऱ्यानं घण घालायचा. मी आजवर हजारांना तो मान दिला, पर प्रत्येक वेळी त्यांच्या हातावर माझा हात असायचा. त्या दिवशी बायको म्हनली, अहो, जावईबापूंना मान द्या. दिला. आणि मी मेला गावातल्या चार माणसांना विश्वासानं सांगत बसलो, की या गॅलरीत मी ट्रॅक्टर उभा करून दावतो, ट्रॉलीसकट. मागं वळतो तर जावईबापूंनी भिंतीकडची सगळी ओळ पाडलेली, टोकाचे दोन तसेच उभे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत एक टक्क असा आवाज झाला, तो फकस्त माझ्या कानात गेला.

तवाच बोलायला पायजे व्हतं. पर जावयाच्या मानाच्या घावानं घर तडकलं, हे भरल्या अंगणात कसं बोलायचं? समदे जेवायला बसले तशी मी मधोमध दोन पाइप घट्ट ठोकले, चीर सिमेंटनं बुजवली, आणि ठोकून दिलं की आम्हा सेंटरिंगवाल्यांत रीत हाय, आपल्या घराचे चार टेके सव्वा वर्ष ठेवायचे, नजर लागत नाय. लोकांना येवढं पटलं की शेजारच्यानं बिनकामाचा पाइप आपल्या गॅलरीखाली उभा केला.

आता सव्वा वर्ष भरलं. मनीषाला सातवा लागलाय, रविवारी डोहाळजेवण, गॅलरीत फुलांचा झोपाळा, पंचवीस बायका. जावई म्हनले, अण्णा, रीत पूर्ण झाली, आता टेके काढू, फोटोत वाईट दिसतात. मी घरच्या समद्यांना बोलावलं. सगळं खरं सांगितलं, बुजवलेलं सिमेंट खरवडून चीर दावली, ती आता वाढत वाढत कोपऱ्यापर्यंत गेलीया. जावई डोळ्यांत पाणी येईस्तवर हसले. म्हनले, तुम्ही बी ना जी अण्णा, विश्रांतवाडीचा स्लॅब पाठीवर धरला होता, रविवारपुरती गॅलरी नाय का धरणार? आणि अशी बारीक चीर सगळ्याच घरांना असते, मी मोबाइलवर बघितलं. बायको म्हनली, जावयाला दोष देताय, लाज वाटत नाय? मनीषा रडली. म्हनली, अण्णा, माझ्या कौतुकाच्या दिवशी तरी थापा नको हो. इंजिनियरला फोन केला, तो म्हनतो सोमवारी येतो.

सोमवारी येऊन काय मोजणार तो?

म्हणून कालपासनं मी असा खुर्ची टाकून टेक्याला पाठ लावून बसलोय. जेवणबी इथंच. सकाळी झोपाळेवाला आला, त्याला काठी दावून पळवला. पोरं मोबाइलवर माझे फोटो काढत्यात, काढू देत. तुम्हाला बोलावलं ते एवढ्यासाठी, की माझ्या तोंडावर कुणाचा इश्वास नाय, कागदावर बसंल. जसंच्या तसं लिवा, एक शब्द वाढवू नका, वाढवायचं तेवढं मी जन्मभर वाढवून बसलोय. आणि आजच वाचून दावा घरच्यांना, रविवार लांब नाय.

माझ्या लेकीची ओटी गच्च भरू दे, तिचं बाळ सुखाचं येऊ दे. खालच्या खोलीत भरा म्हनावं ओटी, मी स्वतः झोपाळा टांगून देतो. निघताय? देव तुमचं भलं करो. पर असं माझ्या अंगावरनं, गॅलरीखालनं नका जाऊ. त्या पेरूच्या बाजूनं, लांबनं जा.