वास : भरपूर

(आयोवातल्या एका विद्यापीठाची प्रयोगशाळा, एप्रिलमधली सकाळ. कोरीना इथली संशोधक, वर्लिन इथला सर्वांत जुना मदतनीस. तिच्या हातात वही, त्याच्या हातात काचेचा चंबू.)

कोरीना – आणि सोमवारी? सोमवारी काय लिहिलंय तुम्ही?

वर्लिन – वही तुझ्याच हातात आहे की. वाच.

कोरीना – "वास : गुलाब, भरपूर." मंगळवारी, "गुलाब, भरपूर." कालही तेच. वर्लिन, वास मोजायचं मशीन शून्य दाखवतंय.

वर्लिन – बिघडलं असेल. गेल्या उन्हाळ्यात नव्हतं बिघडलं?

कोरीना – तीनदा बघितलं. जुने नमुनेही काढून लावले. पाच आठवडे शून्य! आपले जिवाणू मक्याची साखर खातायत, मस्त फुगतायत आणि गुलाबाच्या अत्तराचा थेंब काही करत नाहीत.

वर्लिन – असं होईलच कसं?

कोरीना – साखरपाण्यात औषध घातलं नाही तर होतं. आपण घातलेली वासाची जनुकं म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं ओझं. ती टाकली की औषध त्यांना मारतं, त्या धाकाने वाहतात, नाहीतर देतात फेकून.

वर्लिन – मला शिकवतेस? तू शाळेत होतीस तेव्हापासून हे पाणी कालवतोय मी.

कोरीना – म्हणून तर विचारतेय. बाटल्यांवर अक्षर तुमचं, आणि औषधापुढे खूण नाही.

वर्लिन – मग विसरलो असेन. वय झालं माझं.

कोरीना – विसरलात, ठीक आहे, मीही विसरते. पण वास तर आठवड्याभरात गेला असणार! या इमारतीत तुमच्यासारखं नाक नाही. त्या नाकावर विसंबून मी इतके दिवस मशीन लावलंसुद्धा नाही. मग हे "भरपूर" आलं कुठून?

वर्लिन – चंबू हुंगायचा नसतो, पोरी. नियम आहे तसा.

कोरीना – उडवाउडवी नको. ही पुडी घ्या. उघडू नका, नुसती हुंगा. कसला वास?

वर्लिन – गुलाब. जरा मंद आहे.

कोरीना – कॉफी आहे, वर्लिन. आत्ता दळून आणलेली.

वर्लिन – (पुडी पुन्हा एकदा हुंगून टेबलावर ठेवतो.)

कोरीना – कधीपासून?

वर्लिन – जानेवारीतला तो ताप. चार दिवसांत उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. पहिले दोन महिने अंदाज बरोबर लागला. रोज तोच वास तर असायचा!

कोरीना – अहो, पण सांगायचं नाही का?

वर्लिन – सांगितलं असतं तर काय केलं असतंत? केक कापला असता, टाळ्या वाजवल्या असत्या आणि म्हणाला असतात, "वर्लिन, आता आराम करा." आराम करून करू काय मी? इंगर गेल्यापासून, बायको नसलेल्या घरात मी आणि फ्रिजची घरघर. शनिवार-रविवार तोंडातून शब्द निघत नाही गं. सोमवारी इथे येऊन गुड मॉर्निंग म्हणतो, तर घसा खरखरतो. फार एकटं वाटतं मला. इथे निदान तू भांडतेस तरी.

कोरीना – मी कुठे भांडते?

वर्लिन – मग आत्ता काय चाललंय?

कोरीना – हे सगळं मला आपल्या प्रमुखांना, डॉक्टर हॅलोरनना लिहून द्यावं लागेल. तुमच्या नाकाचंही.

वर्लिन – दे.

कोरीना – मूळचे जिवाणू फ्रीजरमध्ये शाबूत आहेत. पुन्हा सुरू करता येईल. पण तुम्हाला ठेवतील की नाही, देवाशपथ मला माहीत नाही. मी भांडेन तुमच्यासाठी.

वर्लिन – भांड. तेवढं जमतं तुला. ...कोरीना, एक काम होतं. संध्याकाळी घरी येशील? पाच मिनिटांचं आहे.

कोरीना – काय काम?

वर्लिन – कपाटात इंगरचा थंडीतला कोट आहे. रोज रात्री दार उघडून उभा राहायचो मी तिथे. तीन महिने झाले, काही कळत नाही. धुवायला टाकला नाही, कुणाला दिला नाही. त्याला अजून तिचा वास येतो का, तेवढं सांग.

कोरीना – मी तर त्यांना एकदाच भेटलेय, वर्लिन. मला कसं ओळखू येईल?

वर्लिन – येईल. साबण, थोडी वेलची आणि तिची ती क्रीम.

कोरीना – आणि नसला तर?

वर्लिन – तर नाही म्हण. माझ्यासारखं "भरपूर" म्हणू नकोस.

कोरीना – आणि असला?

वर्लिन – असला तर जरा बस. घाई करू नकोस. सावकाश सांग.